गृहसंगणक : दुरुस्ती व फेरबदल

घरगुती वापरासाठी, सामान्यतः दूरचित्रवाणी संच व ध्वनिफीत यंत्र यांना जोडून चालविण्याच्या हेतूने, सु. १९७७ ते १९९० या काळात तयार झालेल्या लहान संगणकांना गृहसंगणक असे म्हणतात. त्यांचे उत्पादन केव्हाच बंद पडले आहे. तथापि उरलेले संच पुन्हा चालू करणे व आजच्या साधनांशी जुळतील असे बदल त्यांत करणे, हे एक स्वतंत्र कौशल्य बनले आहे. संगणकाच्या इतिहासाचा पुरावा जपण्याचे कामही त्यातून काही अंशी घडते.

इतिहास : ॲपल २, कमोडोर पेट व टीआरएस-८० हे तयार स्थितीत विकले जाणारे संगणक १९७७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स ८० (१९८०) तयार स्थितीत ९९.९५ पौंडांस, तर सुट्या भागांच्या रूपात ७९.९५ पौंडांस मिळे. दुसऱ्या प्रकारात ग्राहकालाच सर्व डाखकाम करावे लागे. त्यामुळे वापरणारा व दुरुस्त करणारा यांच्यातील अंतर प्रारंभी फारच थोडे होते. बीबीसी मायक्रो (१९८१) व झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हे पुढील महत्त्वाचे टप्पे होत. स्पेक्ट्रमच्या मागील कडेवर सूक्ष्मप्रक्रियकाच्या संदेशवाहिन्या उघड्या ठेवलेल्या असत. यंत्राला नवनवी जोडसाधने लावण्याचे ते जणू निमंत्रणच होते.

भारतात आयातीवरील निर्बंधांमुळे ही यंत्रे मर्यादित संख्येने आली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने हे निर्बंध काहीसे सैल केले. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये शालेय संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सु. २५० शाळांपासून सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला. पुढे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने हा संगणक परवान्याखाली ‘युनिकॉर्न’ या नावाने बनविला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकली.

महाराष्ट्रात अशा कामाला लागणारे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळत. रेडिओ व दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना धारित्र, ट्रँझिस्टर व रोहित्र यांची पारख आधीपासूनच होती. अख्खे मंडल बदलणे महाग पडत असल्याने बिघडलेला नेमका घटक शोधून तेवढाच बदलावयाचा, ही त्यांची रीत होती. कंपन्यांच्या सेवाकेंद्रांत मंडलच्या मंडल बदलण्याची प्रथा पुढे रूढ झाली. जुन्या गृहसंगणकांच्या बाबतीत मात्र कारागिरांची रीतच आजही उपयोगी पडते, कारण बदलण्यासाठी दुसरे मंडल आता उपलब्ध नसते.

दोष व दुरुस्ती : तपासणीची सुरुवात नेहमी वीजपुरवठ्यापासून करतात. स्पेक्ट्रमला बाहेरील अनुयोजकाकडून सु. ९ व्होल्ट दाब मिळतो. त्याच्या जोडाचे मधले टोक ऋण असते. आजचे बहुतेक अनुयोजक याच्या उलट असल्याने चुकीचा जोड लावताच यंत्राला इजा पोहोचू शकते. आतील परिवर्तक ९ व्होल्टपासून +१२ व -५ व्होल्ट दाब निर्माण करतो आणि ४११६ या क्रमांकाच्या आठ स्मृतिमंडलांना +५ व्होल्टबरोबर हे दोन्ही दाब लागतात. -५ व्होल्ट दाब नाहीसा झाल्यास ही मंडले जळण्याचा संभव असतो. म्हणून परिवर्तकातील ट्रँझिस्टर आधी तपासणे व नंतरच स्मृती बदलणे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. यंत्र चालू असताना मागील कडेला साधन जोडणे हे या बिघाडाचे एक नेहमीचे कारण आहे.

४८ किलोबाइट स्मृतीच्या आवृत्तीत खर्च वाचविण्यासाठी, अर्धा भाग सदोष ठरलेली ६४ किलोबिटांची मंडले वापरली होती. त्यांच्या जागी आज निर्दोष ४१६४ मंडले बसविता येतात. कळफलकाखालील प्लॅस्टिकचा पातळ पडदा काळाने ठिसूळ होऊन तडकतो. तो नव्याने तयार केलेला मिळतो. फेरँटी कंपनीने बनविलेले, चित्रनिर्मितीसह अनेक कामे सांभाळणारे ‘यूएलए’ मंडल मात्र इतर कशासाठीही वापरलेले नसल्याने त्याला बाजारात पर्याय नव्हता. ख्रिस स्मिथ यांनी त्याच्या अंतर्रचनेचा अभ्यास करून २०१० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर पर्यायी मंडले तयार करणे सुकर झाले. झेड ८० या सूक्ष्मप्रक्रियकाची स्थिती याच्या उलट होती. तो १९७६ पासून सतत बनत होता. त्याच्या स्वतंत्र मंडलाचे उत्पादन थांबविण्याची घोषणा उत्पादकांनी २०२४ मध्ये केली.

बीबीसी मायक्रोचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच असतो व त्यात घरगुती विजेचा पूर्ण दाब खेळतो. त्यातील गाळणीच्या कागदी धारित्राचे आवरण काळाने तडकते, आत आर्द्रता शिरते आणि बरीच वर्षे बंद असलेले यंत्र सुरू करताच धूर निघतो. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत हा धोका अधिक असतो. म्हणून जुना संच हाती येताच तो चालू न करता हे धारित्र प्रथम बदलावे.

फेरबदल : स्पेक्ट्रमचा संकेत अतिउच्च कंप्रतेच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर मिळे. दूरदर्शनचे तत्कालीन प्रक्षेपण त्याहून खालच्या पट्ट्यांत होते. त्यामुळे ती वाहिनी न पकडणाऱ्या संचांवर चित्र दिसत नसे. आजच्या पडद्यांसाठी आकाशवाणी कंप्रतेवरील हे परिवर्तन टाळून संमिश्र चित्रसंकेत थेट बाहेर काढतात. तापणाऱ्या विद्युत् दाब नियामकाच्या जागी कमी उष्णता देणारा नियामक बसविणे, तसेच ध्वनिफितीऐवजी स्मृतिपत्रावरून आज्ञावल्या भरणे, हे इतर नेहमीचे बदल होत.

जतनाचा प्रश्न : प्रत्येक बदलाने यंत्र उपयुक्त बनते, पण मूळ पुराव्याचा काही अंश नाहीसा होतो. म्हणून मंडलाला भोक न पाडता, पूर्ववत करता येईल असाच बदल करावा, काढलेले भाग जपून ठेवावेत व केलेल्या कामाची नोंद यंत्रासोबत असावी, असा संकेत जाणकारांत रूढ होत आहे. यंत्राइतकाच त्यातील मजकूरही नाशवंत आहे. ध्वनिफितींवरील चुंबकीय नोंद क्षीण होते आणि पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतिमंडलांतील विद्युत् भारही दशकांनंतर गळू लागतो. त्यामुळे यंत्र चालू होताच त्यांची प्रत काढून घेणे हे दुरुस्तीचेच अंग समजावे.

भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले व १ मे २०१२ पासून अंमलात आले. २०१६ व २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. शिसे व इतर विषारी द्रव्ये यांची योग्य विल्हेवाट लागणे आवश्यकच आहे. तथापि भंगारात गेलेल्या संगणकातून तांबे व थोडे सोने परत मिळते, त्यावर मुलांनी लिहिलेल्या आज्ञावल्या परत मिळत नाहीत. शाळांच्या अडगळीत व घरांच्या माळ्यांवर असे संच आढळल्यास मोडीत काढण्यापूर्वी ते जाणकाराकडून तपासून घ्यावेत. आपल्याकडे संगणक प्रथम कोणत्या रूपात आला, हे चालू स्थितीतील यंत्राइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही साधन दाखवू शकत नाही.