आनंदीबाईंची फिलाडेल्फियातली खोली

कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात सापडायची नाही. अमेरिकेस जाऊन डॉक्टर झालेली पहिली महाराष्ट्रीय स्त्री, एवढे आपण सर्वजणी शाळेत शिकलो आहोत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, हेही पुष्कळ जणींना पाठ असेल. परंतु त्या परक्या शहरात गेल्यावर राहिल्या कुठे, नेसल्या काय, थंडीत शेकोटी होती की नव्हती, या गोष्टी आपण सहसा विचारीत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना त्या बारीकसारीक वाटत असतील. घर चालविणाऱ्या बाईला त्या बारीक वाटत नाहीत, म्हणून हा लेख.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला तो दहा दिवसांतच गेला. वेळेवर औषधपाणी मिळाले असते तर, हा सल त्यांच्या मनात राहिला आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. पती गोपाळराव पोस्टात नोकरीस. ते आपल्या घाटावर कोल्हापुरास असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील एका मिशनरी गृहस्थास पत्र लिहिले. ते पत्र तिकडच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी ते वाचले आणि त्यांचे मन द्रवले. त्यांनी १८८० साली आपण होऊन पत्र पाठविले. तेव्हापासून आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तोंड पाहिलेले नाही, भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि नाते मात्र मावशीचे!

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळरावांना बरोबर जाणे जमण्यासारखे नव्हते. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण आपले असे माणूस एकही नाही. वय अवघे अठरा. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितले होते की, मी हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. मावशी स्वतः त्यांना न्यायला आल्या होत्या.

पुढचे चार महिने त्या रोझेलला मावशींच्या घरी राहिल्या. मला वाटते, त्यांच्या अमेरिकेतल्या दिवसांत हेच खरे माहेरपण. तेथूनच २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास अर्ज लिहिला. आमच्या देशातील बायका मरण पत्करतील पण पुरुष वैद्याकडून तपासून घेणार नाहीत, त्यांच्यासाठी मला शिकावयाचे आहे, असा त्याचा आशय होता. हे महाविद्यालय १८५० साली निघालेले, केवळ स्त्रियांसाठी. तेथील प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलर्सची मदतही दिली.

लुगड्याचा प्रश्नही तेव्हाचाच. आपल्या नऊवारीत पोटरी उघडी राहते. तिकडच्या बायकांत पाऊल दिसणेही वावगे. आनंदीबाईंनी परदेशी झगा घातला नाही. गुजराती पद्धतीने पायघोळ नेसायला सुरुवात केली. आपले सोडले नाही आणि त्यांना खटकेल असेही केले नाही. आहारही शाकाहारीच ठेवला.

सप्टेंबर संपता संपता मावशींनी त्यांना फिलाडेल्फियास पोचविले. येथून खरी कसोटी लागली. राहण्यास जी खोली मिळाली, तिच्यात भिंतीतली शेगडी होती, पण धुराडे नीट ओढत नसे. पेटविली की खोलीभर धूर, न पेटविली तर कडाक्याची थंडी! भगिनींनो, श्रावणात ओली लाकडे चुलीत घातली म्हणजे काय होते ते कोकणातल्या बाईला सांगायला नको. पण आपल्याला दार उघडून पडवीत जाता येते. दाराबाहेर जिथे बर्फ, तिथे धूर आणि गारठा यांतून एक निवडायचे, आणि त्याच खोलीत इंग्रजीतून शरीरशास्त्र पाठ करायचे, हे केवढे अवघड! पुढे डॉ. बॉडलींनी त्यांना आपल्या घरी राहावयास नेले, तेव्हा कुठे ऊब मिळाली.

आपल्या जिल्ह्यातल्या मुर्डी गावचे रँग्लर परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले. त्यांच्या कर्तृत्वाचा आपणा सर्वांना अभिमान आहेच. परंतु त्यांच्यापाशी फर्ग्युसन महाविद्यालयाची पदवी होती आणि सरकारी शिष्यवृत्ती होती. तेरा वर्षे आधी निघालेल्या आनंदीबाईंपाशी यातले काही नव्हते. खर्चासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडाव्या लागल्या होत्या. त्यांच्यामागे उभ्या होत्या त्या दोन परक्या बाया, कार्पेंटर मावशी आणि डॉ. बॉडली.

पदवी घेऊन आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईस उतरल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षयाचा जंतु १८८२ साली सापडला होता, त्यावरचे औषध मात्र त्यानंतर साठ वर्षांनी आले. एका धुरकट खोलीने त्यांचा जीव घेतला असे म्हणता येणार नाही. पण गारठा, अपुरे अन्न आणि रात्रीचे जागरण यांनी खंगलेल्या शरीरात असा रोग लवकर घर करतो, हे कोणीही सांगेल. त्यांची रक्षा मावशींकडे पाठविण्यात आली. कार्पेंटर कुटुंबाच्या पोकीप्सी येथील दफनभूमीत ती ठेवली आहे.

आपण आनंदीबाईंच्या धैर्याची स्तुती करतो आणि ती योग्यच आहे. परंतु नुसत्या धैर्यावर अंगात ऊब येत नाही. धैर्य जिचे तिचे असते. कोरडी खोली, गरम घास आणि "झोप लागली का ग?" असे विचारणारे माणूस, हे मात्र दुसऱ्यांनी द्यायचे असते.

आज आपल्या मुली पुण्यामुंबईस जातात, जर्मनी-अमेरिकेलाही जातात. आणि रत्नागिरीतही बाहेरगावच्या मुली शिकायला येतात. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. देशावरून आलेल्या मुलीला आपला जूनमधला पाऊस हाच परदेश! तिची खोली गळते का, कपडे वाळतात का, भाकरीवाचून तिचे अडते का, एवढी चौकशी आपल्या आळीतल्या प्रत्येक बाईला करता येईल. त्याला फार शिक्षण लागत नाही, पैसाही लागत नाही. रोझेलच्या त्या मावशीने तरी याहून निराळे काय केले?