पायताणाची ‘कोल्हापुरी’ झाली त्याची गोष्ट

‘पायताणानं हाणीन’ हा दम कोल्हापुरात आजही ऐकू येतो. तिथं ‘चप्पल’ म्हटलं की निम्मी धार गेली. गावाकडं ही वस्तू पायताणच. कागल तालुक्यातल्या कापशीची ती कापशी, कुरुंदवाडची ती कुरुंदवाडी. ‘कोल्हापुरी’ हे नाव बाजारानं दिलेलं.

१९२०च्या आसपास सौदागर घराण्यानं जाडजूड पायताण पातळ केलं, दोन्ही बाजूंना कान काढले आणि ही ‘कानवाली’ मुंबईच्या जे. जे. अँड सन्स या दुकानाकडे पाठवली, असं या धंद्यात सांगतात. मुंबईच्या गिऱ्हाइकाला कापशी कुठली माहीत असणार? माल कोल्हापूरचा, म्हणून कोल्हापुरी.

त्याआधी चर्मकाराचं पोट नुसत्या पायताणावर चालत नव्हतं. विहिरीची मोट, पाण्याची पखाल, वाद्या, आसूड हे सगळं त्याच्याच हातचं, आणि मोबदला बलुत्याच्या धान्यात. कातडं कमवायचं ढोर समाजानं, शिवायचं चर्मकारांनी. पुढं इंजिनं आणि पंप आले, मोट गेली. चप्पल तेवढी राहिली.

तिचा दणकटपणा शिलाईच्या आधीच ठरतो. म्हशीचं किंवा बैलाचं कातडं चुन्यात भिजवायचं, केस आणि मांस खरवडून काढायचं, मग तेच कातडं पखालीसारखं शिवून टांगायचं. आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी. पाणी कातड्यातून थेंबथेंब पाझरतं. खाली साठलेलं पुन्हा आत ओततात. वरचा भाग कोरा राहू नये म्हणून काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात. क्रोमनं झटपट उरकणारं हे काम इथं आठवडे खातं.

मग रापीनं तळ कापायचा, आरीनं भोकं पाडायची, थर चामड्याच्या वादीनं ओवायचे. अस्सल चपलेत खिळा नसतो. पट्ट्यावरच्या बारीक वेण्या बहुतेक घरांत बायका विणतात, आणि किंमत ठरताना हेच काम सर्वांत कमी मोजलं जातं. हौशी गिऱ्हाइकाला चाल करकरती हवी, म्हणून तळाच्या थरांत ‘विंचू’ बसवतात. चप्पल कोणाची हे आवाजावरून कळावं. कोणी केली हे मात्र त्यावरून कळत नाही.

२०१९मध्ये भौगोलिक मानांकन जाहीर झालं, तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही त्यात आले. कोल्हापूरकरांपैकी काहींना ते रुचलं नाही. पण अथणी-निपाणीच्या कारागिरांचा हात या चपलेत पूर्वीपासून होता. राज्यांची हद्द नंतर आली. मानांकन हाती आलं तरी कातड्याची ओढाताण संपली नाही. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून ती वाढलीच होती.

जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये पुरुष मॉडेल अगदी अशाच चपला घालून चालले. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा कंपनीनं या चपलांचं मूळ भारतीय हस्तकलेत असल्याचं मान्य केलं आणि नंतर दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला.

तिकडं रॅम्पवर दिवे लागले, तेव्हा कोल्हापुरात पावसाचा मिरीग निघून गेला होता. पावसात ही चप्पल फुगते. त्यामुळं शहाण्या माणसानं आपली जोडी पुसून, तेल पाजून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली होती.