साक्रीच्या कातळभिंतीतून मागे

धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला लागलात की साक्रीच्या आसपास काळ्या दगडांच्या अरुंद, लांबच लांब टेकड्या दिसतात. त्यातल्या एकीवर चढा. हा डाइक आहे, जमिनीच्या भेगेत घुसून थिजलेला लाव्हारस. नंदुरबार-धुळे भागात असे शेकडो आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात आणि त्यातला सर्वांत लांब साक्री, धुळे करत पारोळ्यापर्यंत ७९ किलोमीटर जातो. कडेच्या दगडावर हात फिरवा. बेसाल्ट इतका बारीक कणांचा, की नुसत्या डोळ्यांना एकही कण वेगळा दिसत नाही. काही पावलं मधे सरका. आता उन्हात फेल्डस्पारच्या पांढुरक्या काड्या चमकतात.

काळ उलटा फिरू द्या. बाभळी गेल्या, शेतं गेली. कोट्यवधी पावसाळ्यांनी वाहून नेलेला खडक परत येऊन साठू लागला. दोन्ही बाजूंची जमीन वर चढली, टेकडी तिच्यात बुडाली आणि तुमच्या डोक्यावर दख्खनच्या उद्रेकांतल्या लाव्ह्याचे थरावर थर आले. हिमालय केव्हाच सपाट झाला. सगळा भारत दक्षिणेकडे सरकतो आहे, विषुववृत्त ओलांडून पलीकडे.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास थांबा. इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली जाते आहे. ताण असह्य होतो, कातळ चिरतो आणि अकराशे अंशांहून अधिक तापलेला रस खालून भेगेत उसळतो. थंड भिंतीला टेकलेला रस तिथल्या तिथे थिजतो. मघाशी हाताला लागला तो हाच बारीक दगड. मधला रस थिजायला वर्षं घेतो, तेवढ्या सवडीत फेल्डस्पारच्या काड्या वाढतात. भेग ताणाच्या काटकोनात पडते. म्हणून पूर्व-पश्चिम डाइक पाहिला, की जमीन उत्तर-दक्षिण ओढली जात होती एवढं खात्रीने म्हणता येतं. नर्मदा-तापीच्या पट्ट्याने ही ओढ सोसली.

पण कधी? याच क्षणी त्या काड्यांमध्ये घड्याळ सुरू होतं. त्यांच्यात थोडं पोटॅशियम असतं आणि त्याचा एक किरणोत्सारी प्रकार फार संथपणे आर्गॉन वायूत बदलत राहतो. निम्मं संपायला १२५ कोटी वर्षं लागतात आणि संपलेल्यातला जेमतेम दहावा हिस्सा आर्गॉन होतो. रस तप्त असताना वायू निसटून जातो, थिजल्यावर स्फटिकात अडकतो. आजच्या प्रयोगशाळेत दगड कुटून काड्या निवडतात, अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करतात, मग टप्प्याटप्प्याने तापवून बाहेर पडणारा वायू मोजतात. पवईच्या आयआयटीत यासाठी राष्ट्रीय सुविधा आहे. अनेक टप्प्यांवर एकच वय आलं तर ते भरवशाचं. झिजलेल्या दगडातून आर्गॉन गळालेला असतो आणि वय चुकतं, म्हणून ताजा दगड मिळवणं हे या कामातलं निम्मं यश आहे.

आता तीस-पस्तीस लाख वर्षं पुढे या, गोव्याच्या किनारपट्टीवर. दख्खनचे प्रचंड उद्रेक ओसरले आहेत, डायनोसॉर उरलेले नाहीत. तुमच्यासमोर लाव्ह्याहून कितीतरी जुन्या कातळात नवा रस घुसतो आहे. पश्चिमेला सेशेल्सचा भूखंड भारतापासून सुटतो आहे आणि मधे समुद्र शिरतो आहे. गोव्यातल्या या डाइकचं वय आर्गॉन पद्धतीने ६ कोटी २८ लाख वर्षं आलं, म्हणजे मुख्य उद्रेकांनंतरचं. कोकणपट्टीवरही किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण धावणारे पुष्कळ डाइक आहेत. ते सांगतात की इथे ओढ पूर्व-पश्चिम होती. माझ्या मते नुसती दिशा हा अर्धाच पुरावा. साक्रीची भिंत आणि किनाऱ्याची भिंत एकाच काळातल्या मानता आल्या असत्या. कोणती आधी उभी राहिली हे फक्त वय सांगतं.

पुन्हा आजच्या साक्रीत या. डाइकचा दगड कठीण, म्हणून खडीसाठी त्याला मागणी असते आणि फुटलेली टेकडी परत उभी राहत नाही. धुळे-नंदुरबारच्या शिक्षकांनी आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाजवळच्या डाइकची जागा, दिशा आणि जाडी आताच टिपून ठेवावी, आणि कडेचा व मधला असे दोन ताजे तुकडे जवळच्या भूशास्त्र विभागात पोहोचवावेत.