टाळूची शिवण

देवळाली कॅम्प हें नांव इंग्रजी बोलींत वेडाचें दुसरें नांव होऊन बसलें. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत तेथें महिनेच्या महिने पडून असत. त्या रिकामपणांत एखाद्याचें डोकें फिरलें, कीं त्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असें म्हणत. त्यांतला ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ताप. कवटीच्या आंत काय बिघडलें हें पाहण्याचें साधन प्रथम नव्हतेंच, आणि त्याच अभावामुळें एका दंतवैद्याचें खरें बोलणें शतकभर संशयांत राहिलें.

१८६० सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यानें १४ वर्षांच्या एका मुलीच्या अरुंद टाळूंत स्क्रू बसविला व किल्ली तिच्याच हातीं दिली. २ आठवड्यांत जबडा रुंदावला, पुढच्या दोन दातांमध्यें फट पडली. त्या फटीवरून टाळूचीं दोन हाडें मधल्या शिवणीपाशीं विलग झालीं असें अनुमान त्यानें काढलें. समव्यवसायी मंडळींनीं तें हंसण्यावारी नेलें. दात नुसते बाहेर कलले नसतील कशावरून? आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. प्लास्टरच्या ठशावर दातांमधलें अंतर मोजतां येतें. पण तें कशानें वाढलें, हें ठसा सांगत नाहीं.

१८९५ सालीं रॉन्टगेननें क्ष-किरण शोधले. पुढच्याच जानेवारींत जर्मनीच्या वाल्कहोफनें २५ मिनिटें निश्चल राहून स्वतःच्या दातांचें चित्र घेतलें. हिंदुस्थानांत तिराहच्या मोहिमेंत, १८९७-९८ मध्यें, लष्करी डॉक्टरांनीं त्याच किरणांनीं शरीरांत रुतलेल्या गोळ्या शोधल्या. १९३१ सालीं ब्रॉडबेंट व होफ्राथ यांनीं डोकें एकाच स्थितींत धरून मापें घेण्याची रीत बसविली आणि १९६१ सालीं अँड्र्यू हास यानें शिवण उघडते हें चित्रांनिशीं दाखविलें. एंजेलचा निकाल लागण्यास १०१ वर्षें लागलीं!

मात्र सपाट चित्रांतही खोट आहे. दातांखालीं पट्टी धरून घेतलेल्या चित्रांत शिवणीचा पुढचा भाग स्पष्ट उमटतो, मागचा भाग इतर हाडांच्या सावलींत बुडतो. शिवण बहुधा पाचरीसारखी, पुढें रुंद व मागें अरुंद उघडते. म्हणजे जेथें पाहणें अवघड, तेथेंच शंका अधिक. शंकूच्या आकाराच्या किरणझोताचें त्रिमितीय चित्र १९९० नंतरच्या दशकांत आलें, आणि हाड किती सरलें व दात किती कलले हें वेगवेगळें मोजतां येऊं लागलें. पण त्याची किरणांची मात्रा एका सपाट चित्राहून अधिक, आणि वाढत्या वयाच्या पेशींना किरण अधिक बाधतात. शिवाय उपचारापूर्वीं, उपचारानंतर व पुढें पुन्हा अशीं तीन चित्रें घ्यावयाचीं झालीं, तर ती मात्रा तिप्पट होते.

देवळालीचें कुटुंब ८-९ वर्षांचें मूल घेऊन नाशिकच्या दंतवैद्याकडे जातें, तेव्हां खरा प्रश्न हाच असतो. या वयांत शिवण सहसा जुळलेली नसते. साध्या तपासणीनें व एखाद्या सपाट चित्रानें पुष्कळदां भागतें. संपूर्ण त्रिमितीय चित्राचा आग्रह तेथें केवळ कुतूहलापोटीं धरणें गैरच. पौगंडावस्था सरूं लागली, कीं गोष्ट निराळी: शिवण घट्ट झाली असेल तर स्क्रूच्या जोरानें हाडाऐवजीं दातच ढळतात, आणि मग तेंच चित्र घेणें योग्य ठरतें. ध्वनिलहरींनीं शिवणींतलें नवें हाड किती भरलें हें पाहण्याचेही प्रयोग झाले आहेत. त्यांत किरणांचा धोका नाहीं. पण दातांच्या मुळांचा कल त्यांतून कळत नाहीं.