दरबार आणि मैफल : १९६० सालचे दोन अल्बम

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं. त्यानंतर तीन महिन्यांनी, ५ ऑगस्टला, मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये के. आसिफ यांचा ‘मुग़ल-ए-आज़म’ झळकला. त्याच वर्षी पी. एल. संतोषी यांचा ‘बरसात की रात’ही आला. दोन्हींत नायिका मधुबाला, दोन्हींची भाषा उर्दू, दोन्हींत कव्वालीचा मुकाबला. एकाचं संगीत नौशाद यांचं आणि शब्द शकील बदायूनींचे. दुसऱ्याचं संगीत रोशन यांचं आणि शब्द साहिर लुधियानवींचे. दोन्ही चित्रपट तुफान चालले. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिक मात्र यांपैकी कुणालाच मिळालं नाही, ते ‘दिल अपना और प्रीत पराई’साठी शंकर-जयकिशन यांना गेलं. शकील यांना गीतकाराचं पारितोषिक मिळालं, तेही ‘चौदहवीं का चाँद’साठी. १९६० साल असं श्रीमंत होतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवतो. ‘मुस्लिम संस्कृती’ या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या की मुलं ताजमहाल, लाल किल्ला, अकबर, बिर्याणी एवढं लिहून थांबतात. मुस्लिम मुलंही तेच लिहितात. म्हणजे आपली ओळख एका दरबारात सुरू होते आणि तिथेच संपते. दरबाराबद्दल आज कुणी राग धरला की तो रागही मग आपल्याच दारात येऊन उभा राहतो. हे दोन अल्बम शेजारी ठेवून ऐकावेत असं मला वाटतं, ते या कारणामुळे.

आधी दरबार. नौशाद लखनौचे. भव्यता हवी तिथे त्यांनी हात आखडता घेतला नाही. शीशमहलातल्या गाण्यात अनारकलीचं प्रतिबिंब हजार आरशांत दिसतं, तसा लताबाईंचा आवाजही घुमला पाहिजे म्हणून त्यांनी खटपट केली. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा नव्हती. तो घुमारा मिळवण्यासाठी स्टुडिओच्या बाथरूमचा उपयोग केल्याची हकिकत प्रसिद्धच आहे. रफींच्या ‘ज़िंदाबाद’ गाण्यामागे शंभर जणांचा कोरस होता असं सांगतात. पडद्यावरच्या तानसेनाला आवाज दिला बडे गुलाम अली खाँसाहेबांनी. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेले आणि मन न रमल्यामुळे भारतात परतलेले हे उस्ताद. सिनेमासाठी गायचंच नव्हतं, म्हणून नकार द्यायला त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि आसिफ यांनी ते कबूल केले, असा किस्सा आहे. नामवंत पार्श्वगायकांना तेव्हा एका गाण्यासाठी काही शे रुपये मिळत.

हा अल्बम ऐकताना एक गोष्ट जाणवते. बहुतेक गाणी कुणाच्या तरी पुढ्यात उभं राहून गायलेली आहेत. जन्माष्टमीला अनारकली बादशहासमोर नाचते. शीशमहलात ती त्याच बादशहाला ललकारते. कव्वालीत बहार आणि अनारकली सलीमसमोर वाद घालतात आणि निकाल सलीम देतो, एकीला गुलाब, दुसरीला काटे. कैदेतली अनारकली केदार रागात आळवणी करते ती थेट मदीनेच्या सरकारांकडे, कारण खालच्या सरकारकडे दाद मागायची सोय उरलेली नाही. या अल्बममध्ये बंड नक्कीच आहे, आणि ते खरं आहे. पण त्या बंडालाही समोर सिंहासन लागतं.

आता मैफल. ‘बरसात की रात’चा नायक अमान हैदराबादी हा शायर आहे, खिसा रिकामा असलेला. त्याची ओळख शब्दांमुळे आहे आणि ते शब्द लोकांपर्यंत रेडिओ पोचवतो. पावसातल्या भेटीचं गाणं तो रेडिओच्या मायक्रोफोनसमोर गातो आणि नायिका घरात बसून ऐकते. रोशन यांनी स्वतः दिल्ली आकाशवाणीत नोकरी केली होती. त्याआधी लखनौच्या मॉरिस कॉलेजात पंडित रातंजनकरांकडे शिकले होते. त्या गाण्यात रफींचा आवाज किती खाली ठेवला आहे ते ऐका. जणू समोर एकच माणूस बसला आहे.

या चित्रपटातले कव्वाल पोटासाठी गाणारे आहेत. दोन बहिणी कव्वालीच्या मुकाबल्यांवर घर चालवतात. हरलो तर उद्या कोण बोलावणार, ही त्यांची चिंता आहे. म्हणून त्यांना चांगला शायर हवा असतो. कलेची ही रोजीरोटीची बाजू सिनेमात फार कमी वेळा दिसली. आशाबाई आणि सुधा मल्होत्रा यांनी या बहिणींना आवाज दिले. एका कव्वालीत तर शंकर-शंभू हे खरेखुरे कव्वालच त्यांच्या समोर गायला बसले.

आणि मग ती शेवटची कव्वाली. मन्ना डे, आशा, सुधा मल्होत्रा, एस. डी. बातिश आणि रफी. जवळजवळ बारा मिनिटं. त्या काळच्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. अशा काळात एवढी लांब रचना करणं हे धाडसच होतं. इथे निकाल देणारा शहजादा नाही. गाणारे एकमेकांच्या समोरासमोर बसलेले आहेत. एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो उचलून पुढे न्यायचा. ही वादाची, मुनाजऱ्याची जुनी रीत आहे आणि तिच्यात अदब आहे.

दोन्ही अल्बममध्ये ‘पनघट’ हा शब्द येतो, तिथे थोडं थांबू. ‘मुग़ल-ए-आज़म’मध्ये तो गारा रागातल्या जन्माष्टमीच्या गाण्यात येतो. तिथे कृष्ण दरबारात येतो, कारण बादशहा उदार आहे आणि राणी जोधा आहे. साहिरच्या कव्वालीत पनघट येतो तो अमीर खुसरोंच्या नावाने चालत आलेल्या परंपरेतून. पाठोपाठ राधा आणि मीरा येतात, पुढे गौतम बुद्ध, येशू, मूसा आणि अल्लाह-रसूलही. तिथे कुणी कुणाला परवानगी दिलेली नाही. कव्वालांच्या बोलण्यात ही नावं आधीपासूनच होती. एक सलोखा वरून दिलेला, दुसरा खालून वाढलेला. पहिला राजा बदलला की धोक्यात येतो. दुसरा टिकायचा तर आपणच तो गात राहावं लागतं.

गंमत अशी की दरबाराचं गाणंही मुळात दरबाराचं नव्हतंच. जन्माष्टमीचं ते गीत मुळात गुजराती रंगभूमीवरच्या रघुनाथ ब्रह्मभट्ट यांचं. चित्रपटात नाव लागलं ते शकील यांचं. आणि रोशन यांच्या कव्वालीमागे मुबारक अली-फतेह अली या जालंधरच्या घराण्याची जुनी कव्वाली आहे. नुसरत फतेह अलींचे हे काका आणि वडील फाळणीत पाकिस्तानात गेले. त्यांची चाल मुंबईत राहिली आणि १९६० साली घराघरांत पोचली. दोन्ही अल्बम अशा माणसांच्या खांद्यावर उभे आहेत, ज्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत.

संगीत म्हणून डावं-उजवं करायला मी तयार नाही. नौशाद यांच्याइतकी रागदारी लोकांच्या ओठांवर फार थोड्यांनी आणली. शकीलची सोपी भाषा हे मोठं काम आहे. उर्दूचं अक्षर न येणारा मराठी माणूसही ती गाणी अर्थासकट गुणगुणतो. साहिरची भाषा त्या मानाने फारसीकडे झुकते, पण रोशनची चाल तिला हाताला धरून नेते.

वारसा म्हणून मात्र मी मैफलीच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्रातल्या मुसलमानाचे पूर्वज बहुतांशी तख्तावर बसलेले नव्हते. ते मोमीन होते, बागवान होते, आतार, तांबोळी, पिंजारी होते. उरुसात रात्रभर कव्वाली ऐकून सकाळी मागावर बसणारे होते. त्यांच्या शेजारी भजनाचा फड रंगायचा आणि एका फडातला माणूस दुसऱ्यात जाऊन बसायचा. मुघलांचा हिशोब इतिहासाने करावा, ते त्याचं कामच आहे. तो आपल्या डोक्यावर घेऊन फिरायची गरज नाही, अभिमान म्हणूनही नाही आणि अपराध म्हणूनही नाही.

मुलांना दोन्ही ऐकवा. शीशमहल डोळे भरून पाहू द्या. पण ती बारा मिनिटांची कव्वाली लावाल तेव्हा त्यांना एवढं नक्की सांगा की समोर बसलेली ही पोटासाठी गाणारी माणसं आपली आहेत.