सील नसलेली फीत आणि मोबाइलमधला निरोप

सांताक्रूझ पूर्वेला, कालिन्यात, मुंबई विद्यापीठाच्या शेजारी राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. रक्ताचे आणि विषाचे नमुने जिथे तपासले जातात, तिथेच आता जप्त केलेले मोबाइलही सीलबंद पाकिटांतून येतात. त्यांत सौद्यांची बोलणी असतात, उधारीची कबुली असते, ‘उद्या नक्की पाठवतो’ असे वायदे असतात. न्यायालय मात्र मजकुराच्याही आधी विचारते: हा निरोप जसा आला, तसाच आजवर राहिला कशावरून?

ही शंका मोबाइलहून फार जुनी. १८७२ च्या पुरावा कायद्याने व्यापाऱ्याच्या नियमित हिशेबवह्यांना पुराव्यात स्थान दिले. पण केवळ वहीतल्या नोंदीवरून कोणाच्या माथी देणे मारता येणार नाही, असेही बजावले. वही लिहिणारा हात अखेर व्यापाऱ्याच्याच पेढीवरचा!

पुढे यंत्रे आली. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचे बोलणे पोलिसांनी कारकुनाच्या घरीच टिपले. मायक्रोफोन पुस्तकांआड दडवलेला, पोलीस आतल्या खोलीत. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ध्वनिफीत ग्राह्य धरली. घटनेचे छायाचित्र चालते, तर संभाषणाची फीतही चालेल, असा त्यामागचा विचार होता. तरीही एक उणीव न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. फीत सील केलेली नव्हती. ती एका पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात तशीच पडून होती. फेरफार झाल्याचे आरोपीने कुठेही सुचवले नव्हते, म्हणून निभावले.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि पुरावा कायद्यात कलम ६५ब आले. संगणकीय नोंदीची प्रत दाखल करायची, तर ती कोणत्या यंत्रातून व कशी निघाली, याचे प्रमाणपत्र हवे. अनेकांनी ही निव्वळ औपचारिकता मानली. तिचे खरे वजन कळले ते जालन्याच्या खटल्यात.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर तेथून २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा पराभूत कैलास गोरंट्याल यांचा दावा. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलेच चित्रीकरण. पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला: प्रमाणपत्र अनिवार्यच. मूळ यंत्र त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले, तरच ते नको. आणि सर्व प्रयत्न करूनही मिळाले नाही, तर सूट. ज्या व्यापाऱ्याने जुना मोबाइल विकून फक्त स्क्रीनशॉट जपले, त्याने हा निकाल दोनदा वाचावा.

मूळ निरोप हाती असूनही धागा सापडतोच असे नाही. कालिन्याला लागूनच असलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘सेबी’चे मुख्यालय आहे. कंपन्यांच्या निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरत असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. ‘सेबी’ने झडत्या घेऊन सुमारे १९० उपकरणे व नोंदी जप्त केल्या. आकडे प्रत्यक्ष निकालांशी जुळत होते. पण मूळ पाठवणारा सापडेना. मार्च २०२१ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने निरोप पुढे ढकलणाऱ्यांवरील दंड रद्द केला. ती आतली माहिती आहे, हे त्यांना ठाऊक होते, असे सिद्ध झाले नव्हते.

अमेरिकेने दुसरे टोक धरले. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील रोखे नियामकाने १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून अधिक दंड केला. ठपका निरोपांतल्या मजकुराबद्दल नव्हता. कर्मचाऱ्यांनी खासगी मोबाइलवरून केलेली कामाची बोलणी संस्थांनी जपलीच नाहीत, याबद्दल होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत ‘हॅश’ मूल्य लिहायचे असते. ते नोंदीवरून गणिताने काढलेले असते; एक स्वल्पविराम बदलला, तरी तेही बदलते. १९६७ च्या फितीवर जे सील नव्हते, ते असे आकड्या-अक्षरांत उतरले आहे. अर्थात, हॅश काढण्यापूर्वीच कोणी निरोप पुसला असेल, तर हे सील मुके राहते.