पट्टा बदलणाऱ्याचें गणित

मोटार हांकणारा गृहस्थ आपला पट्टा, म्हणजे लेन, सोडून शेजारच्या पट्ट्यांत शिरतो, ही गोष्ट इतकी क्षुल्लक कीं तिला इतिहास असेल असें सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि या एका हालचालीची नक्कल गणकयंत्राकडून करवून घेण्यासाठीं विद्वानांस बरेंच झिजावें लागलें आहे.

१९५५ मध्यें लॉस एंजेलिस येथें डॅनियल गर्लो यांनीं हमरस्त्यावरील रहदारी गणकयंत्रांत चालवून दाखविली. १९५८ मध्यें चँडलर, हर्मन व माँट्रोल यांनीं असें मांडलें कीं, पुढील गाडीच्या व आपल्या वेगांतील तफावत पाहून चालक किंचित् विलंबानें आपला वेग वाढवितो अगर कमी करतो. एका रांगेपुरतें हें ठीक. पण बाजूला सरकावें कीं नाहीं हा प्रश्न निराळ्या जातीचा. तेथें माणसाला निवड करावी लागते.

या निवडीची उकल पी. जी. गिप्स यांनीं १९८६ सालीं केली, आणि ती मला फार मार्मिक वाटते. चालकापुढें तीन प्रश्न असतात: पट्टा बदलणें शक्य आहे काय, आवश्यक आहे काय, आणि इष्ट आहे काय? वळण दूर असेल तोंवर तो केवळ वेगाच्या लोभानें वागतो. तें जवळ येऊं लागलें कीं उलट्या बाजूचा लोभ सोडतो. अगदीं समोर आलें कीं योग्य पट्टा गांठण्यासाठीं जोराचा ब्रेकहि पत्करतो. आगगाडी सुटतांना फलाटावर सभ्य माणसें कशीं वागतात हें ज्यानें पाहिलें असेल त्यास यांत नवल वाटणार नाहीं.

परंतु दोन रस्ते मिळतात तेथें एवढ्यानें भागत नाहीं. पुरेशी जागा मिळेपर्यंत थांबणारी यंत्रांतील गाडी दाट रहदारींत थांबूनच राहते. प्रत्यक्षांत मात्र कोणी वाट देतो, कोणी घुसतो. सिडनी येथील पीटर हिदास यांनीं २००२ सालीं हें देणें-घेणें हिशेबांत धरलें. पुढें २००७ मध्यें केस्टिंग, ट्रायबर व हेल्बिंग यांनीं सौजन्यालाच एक अंक दिला. मागच्यास धोक्याचा ब्रेक लावावा लागूं नये ही पहिली अट. नंतर स्वतःचा लाभ एका पारड्यांत आणि इतरांचें नुकसान, त्या अंकानें गुणून, दुसऱ्यांत. अंक शून्य म्हणजे निव्वळ आपमतलबी. एक म्हणजे दुसऱ्याचें नुकसान आपल्याइतकेंच मानणारा.

बरें, तो लाभ तरी खरा असतो काय? १९९९ सालीं रेडेलमायर व टिबशिरानी यांनीं यंत्रांत सारख्याच सरासरी वेगाच्या दोन रांगा चालविल्या. आपण पुढें जातों तेव्हां शेजारच्या खेटून असलेल्या गाड्या क्षणांत मागें पडतात. त्या पुढें जातात तेव्हां विरळ असल्यामुळें बराच वेळ जातच राहतात. म्हणून शेजारची रांग उगाच सरस भासते.

आपल्याकडील रहदारीस मात्र पट्ट्यांचें हें शास्त्र जसेंच्या तसें लागू पडेना. मद्रासच्या आय. आय. टी. मधील अरासन व कोशी यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत पट्टेच काढून टाकले. रस्त्याची सबंध रुंदी एकच मानली, आणि मोटारसायकल, रिक्षा, बस यांना त्यांच्या लांबी-रुंदीचे आयत समजून मोकळी जागा सांपडेल तिकडे सरकूं दिलें.